समजदार

माझ्या हुद्द्याचं नाव ज्यानं कोणी ठेवलं, त्यानं ते एकदा तरी मोठ्यानं म्हणून पाहिलं नसावं. जिल्हा परिवीक्षा अधिकारी. यवतमाळात या नावाखाली मी सगळी नोकरी काढली, पण पोस्टमनपासून तहसीलदारापर्यंत कोणाच्याही तोंडून ते धड बाहेर पडलेलं ऐकलं नाही. लोकांनी त्यावर सोपा तोडगा काढला होता. ते मला परीक्षाबाई म्हणायचे. दहावीचा निकाल लागला की गल्लीतल्या बायका विचारायच्या, औंदा पेपर कठीण काढले काय जी? सुरुवातीला मी समजावून सांगत असे. पुढे कंटाळा आला आणि मी हो म्हणू लागले.

काम काय, तर ज्याला शिक्षा झाली किंवा व्हायची आहे त्याच्या घरी जायचं. घर बघायचं, माणसं बघायची, चार प्रश्न विचारायचे आणि हा माणूस कसा आहे, उद्या बाहेर आला तर नांदेल का, ते कोर्टाला लिहून कळवायचं. याला गृहचौकशी म्हणतात. दुसऱ्यांची घरं बघण्यात माझं आयुष्य गेलं, आणि संध्याकाळी मी ज्या घराचं कुलूप काढत असे तिथे चौकशीला कोणी आलं असतं तर त्याचं काम पाच मिनिटांत आटोपलं असतं. वडील कचेरीत हेडक्लार्क होते, ते गेले. आई गेली. भाऊ पुण्याला. लग्न का केलं नाही, हा प्रश्न लोकांनी विचारायचं सोडून दिलं होतं आणि मला त्याचंही थोडं वाईट वाटायचं.

त्या काळात कापसाचं पार वाटोळं झालं होतं. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि ते कशासाठी येतं हे सगळ्यांना माहीत होतं. पण मी सांगणार आहे ते प्रकरण पेपरात दोनच दिवस होतं. आर्णीजवळच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात तिघांनी चोरी केली. तिथे चौकीदार आणि त्याची बायको एका खोलीत राहायचे. दोघं जागे झाले, आणि दोघंही मारले गेले. तिघांपैकी दोघे पक्के होते, आधी जेल पाहिलेले. तिसरा पुसदकडच्या एका तांड्यावरचा बंजारा पोरगा. वय एकोणीस. कुलूप तोडायला आणलेली लोखंडी सब्बल त्याच्या हातात होती. त्यानं ती मारली, आणि मारली नाही असं तो कधीही म्हणाला नाही.

खालच्या कोर्टानं तिघांना फाशी दिली. वरच्या कोर्टानं ती काढली आणि जन्मठेप दिली, पण साधी नाही. मरेपर्यंत आत. सूट नाही, रजा नाही, सुटकेचा विचारसुद्धा करायचा नाही. मग प्रकरण आणखी वर गेलं आणि तिथे पोराच्या वकिलानं एवढाच मुद्दा धरला, की एकोणीस वर्षांच्या माणसाला असं कायमचं बंद करता येतं का. या वयात माणूस अजून बनायचा असतो, त्याला बदलायला जागा ठेवायला नको का. सरकारी वकिलाचं म्हणणं होतं, हा काही पोर नाही. चौदाव्या वर्षापासून घर चालवणारा कर्ता पुरुष आहे, चांगला समजदार आहे. कोर्टानं सांगितलं, तो तेव्हा कसा होता आणि आता कसा आहे याचा अहवाल आणा. तो अहवाल लिहायचं काम माझ्या टेबलावर आलं. तोवर पोराला आत जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती.

मी फाइल वाचली. खोलीचे फोटो होते. चुलीवर भगोणं तसंच होतं आणि खुंटीवर चौकीदाराचा खाकी कोट. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात मी पोराच्या बाजूची वाटेन. मी कोणाच्या बाजूची नव्हते. मला फक्त एकटीनं बसून ते फोटो बघायचे होते आणि नंतर एकटीनं जेवायचं होतं, आणि त्या दिवशी जेवण काही गेलं नाही.

थंडीत तांड्यावर गेले. एसटीनं फाट्यावर सोडलं, पुढे पायी. तांडा रिकामा होता. घरांना कुलपं, कुठे नुसत्या काट्या लावलेल्या. कापूस परवडेना तेव्हापासून दिवाळी झाली की सगळा तांडा ऊसतोडीला निघून जायचा, तो होळीला परत. मागे उरायच्या म्हाताऱ्या, आजारी माणसं आणि कुत्री. एका ओट्यावर एक बाई ताठ बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून, केस चापून बसवलेले. माझी वाट बघत होती. ती त्याची आई. तिच्या बोलीत आईला याडी म्हणतात, आणि मीही तिला मनात याडीच म्हणत आले.

"बेस, बाई," ती म्हणाली. बेस म्हणजे बस. मी बसले. पाणी झालं. मी वही काढली तशी ती उभी राहिली, हात बाजूला सरळ सोडले आणि एका दमात म्हणाली, "माझा मुलगा चांगला आहे. माझा मुलगा दारू पीत नाही. माझा मुलगा मोठ्यांचा आदर करतो. माझा मुलगा समजदार आहे."

मी तोंडाकडे बघत राहिले. तिची भाषा ही नव्हती. मग हळूहळू उलगडा झाला. माझं पत्र तांड्यावर आलं तेव्हा शाळेतल्या कोणीतरी तिला वाचून दाखवलं होतं, आणि वाचणाऱ्यानंही तोच सोपा तोडगा काढला होता. परीक्षा अधिकारी येणार आहेत. पोरगा तर जेलात, मग परीक्षा कोणाची? आईची. आई पास झाली तर पोरगा सुटेल. तिनं कोणाकडून तरी उत्तरं तयार करून घेतली होती आणि महिनाभर ती पाठ केली होती, एकटीनं, त्या रिकाम्या तांड्यात.

मी म्हटलं, "याडी, परीक्षा नाही हो. बसा तुम्ही."

"मंग कायले आल्या?"

"तो कसा होता ते विचारायला."

"तेच तं सांगून राह्यली." ती पुन्हा उभी राहिली. "माझा मुलगा समजदार आहे."

त्या दिवशी मी तिच्यापुढे हात टेकले. काहीही विचारलं की ती त्या चार वाक्यांवर यायची, आणि त्यातलं शेवटचं सर्वांत जोर देऊन म्हणायची. समजदार होता म्हणजे काय, तेही तिनं सांगितलं, हे मात्र स्वतःच्या बोलीत. नवरा ऊसतोडीला गेला तो तिकडेच दुसरी बाई करून राहिला. ऊसतोडीला जोडी लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकट्या बाईचा अर्धा कोयता, त्याला कोण विचारतो? तेव्हा पोरगा चौदा वर्षांचा होता. तो म्हणाला, याडी, मी येतो. शाळा सोडली आणि आईबरोबर अख्खा कोयता झाला. माणसाएवढा ऊस तोडला, माणसाएवढी मोळी उचलली. "कोनी म्हनलं नाही का पोट्टं आनलं म्हनून. असा समजदार," ती म्हणाली. आणि आता तो नाही तर ती पुन्हा अर्धी झाली, म्हणून तांडा जातो आणि ती राहते.

परतीच्या एसटीत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ती जे अभिमानानं सांगत होती, तेच आणि अगदी त्याच शब्दात सरकारी वकील म्हणत होता. चौदाव्या वर्षापासून कर्ता. समजदार. आई जितकी पास होईल तितका पोरगा बुडणार होता. तिला तसं सांगावं, तर मी साक्षीदाराला पढवल्यासारखं. न सांगावं, तर ती त्याला स्वतःच्या हातानं कायमचं आत ढकलणार. नेहमीसारखं मी हे कोणाशीही बोलले नाही. बोलायला कोण होतं? घरी येऊन रेडिओ लावला आणि बंद केला.

मधल्या काळात दोन भेटी केल्या. एक जेलातली. पोरगा आता पुरता मोठा माणूस झाला होता, अंगानं भरलेला, कपाळाजवळ केस विरळ. शिवणकामाच्या विभागात होता. मी विचारेन त्याचं उत्तर द्यायचा, जास्त नाही. का मारलंस, असं मी सरळच विचारलं. तो म्हणाला, "ते म्हातारं वरडलं जी. त्या दोघानं म्हनलं, मार. मी मारलं. काहून मारलं ते मले आतालोक सांगता येत नाही." मग त्यानं एकच प्रश्न विचारला. याडी औंदा ऊसाले गेली काय? मी नाही म्हटलं. त्यानं मान खाली घातली.

दुसरी भेट आर्णीला. मेलेल्या जोडप्याची मुलगी तिथे ब्लाउज शिवते. गृहचौकशीत यांच्याकडे जायचंच असा काही नियम नव्हता, पण मला न जाता लिहिणं जमलं नसतं. तिनं मशीन थांबवलं नाही. "तो पोट्टा होता म्हनता तुमी. माहा बाप म्हातारा होता. म्हाताऱ्याले मारलं तं कमी लागते काय?" मी म्हटलं, नाही. "मंग लिहा, त्याले सोडू नका. माह्या नावानं लिहा." मी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. तिनं मान हलवली आणि बाही जोडायला घेतली. तिचं एक अक्षरही मी अहवालात बदललं नाही. आजही मला ती चुकीची वाटत नाही.

तांड्यावर दुसऱ्यांदा गेले तेव्हा वही पिशवीतच ठेवली. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट कळली होती. आईला पोराबद्दल विचारलं की ती खोटं बोलते. आपण त्याला कशावरून रागवायचात असं विचारलं की ती खरं बोलते, आणि थांबत नाही. याडी पुन्हा उभी राहायच्या बेतात होती. मी म्हटलं, "आज पाठ केलेलं नको. मला सांगा, तुम्ही त्याला शिव्या कशावरून द्यायचात?"

ती तोंडाला पदर लावून हसली. "कशावरून नाही देल्या?"

आणि सुरू झाली. शिव्या तिच्या बोलीत होत्या, सगळ्या मला समजल्या नाहीत, पण अर्थ लागत होता. उसाच्या फडात मोळी टाकून होल्यांची पिल्लं धरायला पळायचा. चपला हरवायचा, एका हंगामात कितीदा तरी. अंधारात बाहेर जायची भीती, मिशी फुटली तरी आईला हाक मारून उठवायचा आणि ती पाठ करून उभी राहायची. कोणी "तू वाघ आहे" म्हटलं की त्याच्यासाठी विहिरीत उडी मारायचा. पोहायला येत नव्हतं तरी. दोनदा काढला. जे कोणी कौतुक करील त्याच्या मागे मागे. बाप गेल्यापासून तर जास्तच, मोठ्या बाप्यानं पाठीवर हात ठेवला की झालं. चोरीतल्या त्या दोघांनीही तेच केलं. त्यांनी त्याला एक गॉगल दिला होता. तो गॉगल लावून तो सकाळी बाटी, म्हणजे भाकरी, खायला बसायचा आणि त्याला ताटलीतलं दिसायचं नाही.

ती हसत होती आणि मीही हसत होते. किती दिवसांनी कोणाबरोबर हसले हे मला आठवेना.

"अन् त्या दिवशी?" मी विचारलं. "जिनिंगच्या दुसऱ्या दिवशी?"

तिचं हसणं गेलं. ती म्हणाली की तो सकाळी आला आणि निजला. उठला तेव्हा खिशातून एक काचेचा गोळा काढला. शेटच्या टेबलावर कागद उडू नये म्हणून ठेवतात तसला, आत रंगीत फुलं असलेला. पैसे त्या दोघांनी नेले. यानं तो गोळा आणला होता. तांड्यावरची सगळी लहान पोरं गोळा करून तो ओट्यावर बसला आणि एकेकाला उन्हात धरून दाखवत होता, बघ आत फूल, बघ. पोरांना हात लावू देईना. पोलीस आले तेव्हा तो तसाच बसलेला होता. त्यानं त्यांनाही दाखवला.

फाइलमध्ये तो गोळा मी वाचला होता. जप्त मुद्देमाल, काचेचा गोळा, एक नग. सरकारी वकिलानं त्यावरून सांगितलं होतं की टेबलावरची वस्तूदेखील सोडली नाही, इतका हा लोभी.

"बाई, हे लिहू नका," याडी म्हणाली. "मानसं मेलेली अन् हा फुलं पाहून राह्यलता. येडा म्हनतीन त्याले. उद्या सुटला तं पोरगी कोन देईन?"

आता मला सांगणं भाग होतं. मी तिला सांगितलं की कोर्टाला नेमकं हेच पाहिजे. तो वेडा होता म्हणून नाही, तो अजून लहान होता म्हणून. पुरत्या माणसाला दिलेली शिक्षा आणि अर्ध्या कच्च्या पोराला दिलेली शिक्षा सारखी असावी का, एवढंच कोर्ट विचारतं आहे.

"लहान कसा?" ती चिडली. "माह्यासंग ऊस तोडे. चार वर्स तोडला. लहान पोट्टं तोडते काय?"

"तोडतं. कोणी लावलं तर तोडतं."

बोलून गेले आणि वाटलं, जीभ आवरायला पाहिजे होती. ती समोरच्या कुलूप लावलेल्या घरांकडे बघत बसली. एक कुत्रं आलं, तिच्या पायाशी बसलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, जणू मी तिथे नव्हतेच, "मीच त्याले मोठा केला. नसता नेला तं लहानच राह्यला असता." आणि पुन्हा थोड्या वेळानं, "लिहा. समदं लिहा. समजदार होता ते मी म्हनलं, ते खोडा."

मी ते खोडलं नाही. दोन्ही लिहिलं. आईचं पहिलं म्हणणं, मग दुसरं, चपला, विहीर, गॉगल, काचेचा गोळा, आणि आर्णीच्या मुलीचं म्हणणं तिच्याच शब्दात. माझ्या साहेबांना अहवाल जरा लांबला असं वाटलं. गोळ्याची गरज होती का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, होती. नोकरीत मी साहेबांशी फारसा वाद घालणारी नव्हते, म्हणून असेल, त्यांनी सही करून टाकली.

निकाल यायला पुष्कळ वेळ लागला. कोर्टानं त्याला निर्दोष म्हटलं नाही, म्हणायचं कारणही नव्हतं. जन्मठेप राहिली. पण दार कायमचं बंद करणारी अट काढून टाकली. इतर जन्मठेपवाल्यांसारखा त्याच्याही सुटकेचा विचार पुढे कधीतरी सरकारनं करावा, आणि तोवर नियमाप्रमाणे रजा मिळावी. त्या निकालाचं भाषांतर मी स्वतः केलं, एका रविवारी, घरी टेबलाशी बसून. झाल्यावर ते कोणाला तरी वाचून दाखवावंसं वाटलं. घरात मीच होते.

आधी आर्णीला उतरले. ती मुलगी दारात उभी राहून ऐकत होती, आत या म्हणाली नाही. शेवटी म्हणाली, "कळवाले आल्या हे बरं केलं. आता पुन्हा येऊ नका." मी बरं म्हटलं. नंतर कधी गेले नाही. पुढे तांड्यावर गेले तर याडीनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "कवा येईन?" मी म्हटलं, सुटका माहीत नाही, रजेवर येईल. तिला रजा म्हणजे काय ते समजावलं. जेलातून घरी यायचं, रोज ठाण्यात हजेरी द्यायची आणि मुदत संपली की आपल्या पायांनी परत जायचं. "आपल्या पायानं?" तिनं दोनदा विचारलं. पोरगा आपल्या पायांनी कुठेतरी जाणार आणि येणार, हे ती विसरूनच गेली होती.

अर्ज, पोलिसांचा अहवाल, त्रुटी, पुन्हा अर्ज, यात वर्षं गेली. मी निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात मला शाल दिली आणि भाषण करणाऱ्यानं माझ्या हुद्द्याचं नाव चुकीचं घेतलं. त्यानंतर मला दिवस मोठे वाटू लागले. सकाळी लवकर जाग यायची आणि उठून करायचं काय हे सुचत नसे. एक दिवस फाट्यावरच्या दुकानातून फोन आला. याडी बोलत होती, फोनवर ओरडूनच बोलावं लागतं अशी तिची समजूत. पोरगा रजेवर आला होता. होळी होती. बाई, या.

गेले. तांडा भरलेला होता, मी पहिल्यांदाच तो तसा पाहत होते. उसावरून सगळे परतलेले, दारोदार ट्रंका, नवे कपडे, पोरांचा गोंगाट. पोरगा ओट्यावर बसला होता. त्याला पोरगा म्हणणं आता खरं तर बरोबर नव्हतं. केस पांढरे व्हायला लागले होते. मला बघून उठला, पाया पडला, आणि मग हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

संध्याकाळी डफ सुरू झाला. बाप्ये माणसं एका बाजूला बाजांवर बसली, बाया एका बाजूला खाली, मी त्यांच्यात. मधे पोरांची रांग, होळीची लेंगी गाणी म्हणत नाचणारी. त्याच्या वयाचे सगळे बाजांवर होते, पोटं सुटलेले, कोणाच्या मांडीवर लहानगं. तो त्यांच्याकडे गेला. कोणी वाईट बोललं नाही, पण सरकून जागाही कोणी केली नाही. तांड्याचा प्रमुख, नायक, म्हातारा होता, त्यानं समजुतीनं सांगितलं, "तुहं लगन नाही झालं न बाबू. तू पोरायच्या रांगंत उभा राह्य." तांड्याची रीतच तशी, लग्न झाल्याशिवाय बाप्यांत बसत नाहीत. नायकाच्या मनात काही नव्हतं.

तो रांगेत जाऊन उभा राहिला. त्याच्या दोस्तांची पोरं ती, सतरा-अठरा-एकोणीस वर्षांची. नुसती धांदल चाललेली. एकानं दुसऱ्याची टोपी पळवली, एक मोबाइलमध्ये स्वतःचाच फोटो बघून खूश, एकाला कोणीतरी काहीतरी म्हणालं तर तो होळीवरून उडी मारायला निघाला आणि बाजेवरून त्याचा बाप ओरडला. मी बघत होते. अहवालात जे सांगायला मला पानं लागली, ते तिथे नुसतं समोर उभं होतं. त्या सगळ्यांत पांढऱ्या केसांचा तो. त्याला पावलं आठवत नव्हती. शेजारचं पोर त्याला दाखवत होतं, असं काका, असं. तो दोन पावलं टाकायचा आणि चुकायचा. सगळे हसले, प्रेमानंच हसले. मला त्याच्याकडे बघवेना.

थोड्या वेळानं तो रांगेतून निघून बायांच्या कडेला आला, माझ्यामागे उकिडवा बसला. हळूच म्हणाला, "बाई, उद्या तुमच्या संगंच येतो मी. मले जेलात पोचवून द्या."

"अजून आठवडा आहे ना रजेचा?"

"हाय जी. पन इथं मी कोन्याच रांगंतला नाही. तिथं माही जागा तरी हाय."

सगळी नोकरी माणूस बाहेर नांदेल का हे लिहिण्यात गेली, आणि बाहेर त्याच्यासाठी जागा कुठे उरली आहे, हा रकाना माझ्या कोणत्याच फॉर्मवर नव्हता.

याडीनं ऐकलं होतं. ती वळलीसुद्धा नाही, डफाकडे बघतच बोलली. "एकेका दिवसासाठी म्या काय काय बोलली तुह्याबद्दल. कोर्टाले सांगतलं माह्या पोराले अक्कल नव्हती. आता त्यातला एकबी दिवस मी त्याइले वापस देनार नाही."

मग ती बायांच्या रांगेत थोडी सरकली, मला सरकवलं, माझ्या पलीकडच्या बाईलाही सरकवलं, आणि मधे जागा करून त्यावर हात आपटला. "बेस."

बाजांवरून कोणीतरी काहीतरी ओरडलं, बाया हसायला लागल्या, एक म्हातारी तोंडावर पदर घेऊन दुसऱ्या बाजूला वळली. तांड्यात असं कधी झालं नसेल. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग मांडी घालून आईच्या आणि माझ्या मधे बसला, आणि लेंगी संपेपर्यंत उठला नाही.